तुतारी वाजली, पुढे काय?

एकेकाळी सॅमसंगला घाम फोडणाऱ्या मायक्रोमॅक्सने नोव्हेंबर 2020 मध्ये ‘इन’ ही मोबाईलची मालिका आणून पुनरागमनाची तुतारी फुंकली. बाणा स्वदेशी, चिप मात्र तैवानच्या मीडियाटेकची आणि अँड्रॉइड गूगलचे. स्वतःचे काय, तर देशप्रेम! त्यावर बॅटरी चार्ज होत नाही.

पुण्याजवळच्या रावेतचे लोक लगेच विचारतील, शेजारच्या आकुर्डीच्या बजाजची चेतक स्कूटर नाही का परतली? परतली की, 2020 मध्ये, विजेवर. बजाजकडे कारखाने होते, तसे ते मायक्रोमॅक्सकडेही होते म्हणा. पण मधल्या वर्षांत बजाजची तिजोरी पल्सर भरत होती, घाई कसलीच नव्हती. शिवाय चेतकसाठी घरोघरी हळहळ शिल्लक होती. आजोबांची स्कूटर लोक नातवाला कौतुकाने दाखवतात. दोन वर्षांपूर्वीचा मोबाईल मात्र बोहारीणही घेत नाही.