तुम्ही जरा आधी यायला हवं होतं

साताऱ्यात पाहुणा कधीही येवो, तो चुकीच्या वेळी आलेला असतो. हे मत माझं नाही, आबांचं आहे. आणि आबा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. शुक्रवार पेठेपासून गोडोलीपर्यंत आळीगणिक एक आबा असतो. सरकारी नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी मोकळा झालेला, गुडघे शाबूत, पेन्शन वेळच्या वेळी, मुलगा हिंजवडीत आणि सून मुलाबरोबर. घरात ऐकून घेणारं कुणी उरलेलं नसतं. मग ज्याच्या दारात एमएच १२ किंवा एमएच ०४ ची गाडी उभी राहील, त्याच्याकडे आबा संध्याकाळी ‘सहज’ डोकावतात आणि चहा होईस्तोवर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम ठरवून टाकतात. पाहुण्यांनी महाबळेश्वरचा बेत आधीच केलेला असतो, तो एका वाक्यात निकालात निघतो. “महाबळेश्वरला काय बघायचं? दरी. मग आपल्याकडं दरी नाही का?” हेच आबा एखादा कोल्हापूरकर भेटला की महाबळेश्वर, पाचगणी, प्रतापगड आणि कोयना धरण धडाधड साताऱ्याच्या खात्यावर जमा करतात. जिल्हा आपलाच!

आमच्या आळीतले आबा पाटबंधारे खात्यातले. त्यामुळे त्यांचा इतिहासही धरणावरून जातो. सज्जनगडाकडे निघालं की समर्थांच्या आधी उरमोडी धरण लागतं, आणि तिथे गाडी थांबवावीच लागते. कोयनेचे १०५ टीएमसी ते अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, शेवटचे पाच टीएमसी यांनीच बादलीने ओतले असतील. कास तलावातून साताऱ्याला पाणी येतं हे सांगताना ते पाहुण्याच्या हातातल्या तांब्याकडे बोट करतात. म्हणजे पाहुणा पाणीसुद्धा नुसतं पिऊ शकत नाही, तो एक प्रेक्षणीय स्थळ पीत असतो.

त्यांचं बोट हा एक स्वतंत्र विषय आहे. अजिंक्यताऱ्यावर किंवा त्याच्या उतारावरच्या ‘चार भिंती’ स्मारकापाशी ते पाहुण्याला कठड्याशी उभं करतात, स्वतः मागे उभे राहतात, आणि उजवा हात पाहुण्याच्या गालाला घासून पुढे काढतात. शर्टाच्या बाहीला लवंगेचा वास. “माझ्या बोटाच्या रेषेत बघा. नखाच्या वर जरंडेश्वर. आता बोट जरासं डावीकडं. चंदन-वंदन. जोडगड आहेत, एक दिसला की दुसरा दिसतोच.” पाहुण्याला एकही दिसलेला नसतो. त्याला दिसतं ते नख, आणि नखाला लागलेला चुना. पण तो “हो हो” म्हणतो. आबा म्हणतात, “आज धूसर आहे. पावसाळा संपल्या संपल्या यायला हवं होतं. आरपार दिसतं.”

इथे आबांची खरी मेख आहे. समोर असलेली गोष्ट दाखवण्यात त्यांना रसच नाही. जी नाही, ती ते जीव ओतून दाखवतात.

परवाच्या मे महिन्यात माझा मेहुणा ठाण्याहून बायको आणि मुलाला घेऊन आला, तेव्हा हे अगदी जवळून पाहायला मिळालं. पहिला मुक्काम कास. यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर गेल्यावर पठार लागतं. मे महिन्यात तिथे काय असतं? जांभा. काळपट तांबडा, उन्हाने तापलेला सडा. मेहुण्याच्या मुलाने गाडीतून उतरून चारी दिशांना पाहिलं आणि विचारलं, “कुठेय?”

आबा त्याला हाताला धरून पुढे घेऊन गेले. “ही इथं, तुझ्या बुटाखाली, सीतेची आसवं. निळी-जांभळी. मुंगीएवढी वनस्पती, पण किडे खाते. का खाते? सांग!” मुलगा गप्प. “कारण मातीच नाही! दगडावर इंचभर थर, त्यात नत्र नाही. मग खाणार काय? किडे. माणसानं पण असंच जगायला शिकावं.” शेवटच्या वाक्याचा अर्थ मेहुण्याने मला नंतर खासगीत विचारला. मला सांगता आला नाही. मग आबांनी तेरड्याचा गुलाबी पट्टा कुठून कुठवर जातो ते चालून दाखवलं, सोनकीचा पिवळा पट्टा हातवाऱ्यांनी दाखवला, आणि गेंदाची पांढरी बोंडं वाऱ्यावर कशी हलतात ते स्वतःची मान हलवून दाखवलं. साडेआठशेच्या वर जातीच्या फुलझाडांचं पठार, २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत घेतलेलं. आणि त्या भर दुपारी तिथे हलत होती ती एकट्या आबांची मान.

“तुम्ही सप्टेंबरात यायला हवं होतं,” ते म्हणाले.

आता खरं सांगायचं तर सप्टेंबरात आलेल्या लोकांनाही मी आबांबरोबर पाहिलं आहे. तिकीट काढून, रांग लावून, पठार नुसतं रंगाने फुटलेलं असताना आबा त्यांना म्हणत होते, “हे काहीच नाही. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तुम्ही त्या साली यायला हवं होतं.”

ठोसेघरच्या धबधब्याचं तर विचारू नका. मे महिन्यात तिथे कोरडा कडा असतो. आबांनी आम्हाला कठड्याशी उभं केलं, डोळे मिटले आणि विचारलं, “आवाज येतोय?” मेहुण्याची बायको नेक बाई, ती म्हणाली, “थोडा थोडा येतोय.” जुलैत गेलं तर धबधबा असतो, पण त्याच्यापुढे धुकं असतं आणि फक्त आवाज येतो. तेव्हा आबा म्हणतात, “धुकं नसतं तर दिसला असता.” दिवाळीनंतर धुकं जातं, पाणीही जातं. एकूण ठोसेघर आवाजासह आणि रूपासह एकदम हाती लागणं हा नशिबाचा भाग आहे, आणि ते नशीब, आबांच्या म्हणण्याप्रमाणे, पुणेकरांना नाही. ठाणेकरांचा निकाल त्यांनी राखून ठेवला.

शहरात परतल्यावर वस्तुसंग्रहालय. २०२४च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं आली ती आधी साताऱ्याला. आबा त्या काळात किती वेळा जाऊन आले याचा हिशेब त्यांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे आहे. सात महिन्यांनी नखं पुढच्या मुक्कामाला नागपूरला गेली, पण आबांनी पाहुणे नेणं थांबवलं नाही. ते पाहुण्याला पेटी जिथे होती तिथे उभं करतात, हाताची मूठ वळतात, बोटं वाकडी करून पाहुण्याच्या पोटाजवळ नेतात. अफझलखानाचं काम प्रत्येक वेळी पाहुण्यालाच करावं लागतं. ती नखं नेमकी तीच का, याची खात्री खुद्द लंडनचं म्युझियम देत नाही, हे मेहुणा कुठेतरी वाचून आला होता आणि त्याने ते बोलून दाखवलं. आबा शांतपणे म्हणाले, “नका देऊ म्हणावं. इथं कुणी मागितलीय?”

संगम माहुलीला आबा सुटतात. कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं देऊळ, पलीकडे क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. हे सगळं ते दोन मिनिटांत उरकतात, कारण हे सगळं जागेवर आहे. खरी कथा कुत्र्याची. १७०८ साली साताऱ्यात राज्याभिषेक झालेल्या शाहू महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्याची समाधी माहुलीला दाखवतात. आबांच्या कथेत कुत्रा आहे तेवढाच राहतो, पण वाघ दर खेपेला वीतभर वाढतो. परवा तो शेपटीसकट बारा फुटांवर गेला होता. मुलाने पहिल्यांदा खिशातून हात काढले. त्या दिवसात त्याला आवडलेली ही पहिली गोष्ट. “मग कुत्र्याला पालखीत बसवायचे?” त्याने विचारलं. आबा भारावून म्हणाले, “तू त्या वेळी यायला हवं होतंस.”

पण आबा कळसाला पोचतात ते लिंबगावात. बारा मोटेची विहीर ही साताऱ्यातली एकमेव जागा असेल जिला हंगाम लागत नाही. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, अष्टकोनी. पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीच्या पोटातच खांबांचा छोटा महाल आहे. हत्तींना पंजाखाली दाबणारी व्याघ्रमुखी शिल्पं भिंतीवर, आणि बाहेर डोकं फुटेल असं ऊन असताना आत दगड गार. कुणीही, काहीही न सांगता, गप बसून पाहावी अशी जागा. त्यामुळे आबा अस्वस्थ होतात. इथे नसलेलं काय दाखवायचं?

मोटा!

आबा मेहुण्याला वर घेऊन गेले. मोटेच्या थारोळ्यापाशी उभं केलं. “पाव्हणं, तुम्ही उजवा बैल.” मेहुणा एका बँकेत मॅनेजर आहे, पण आबांच्या आवाजात असं काही असतं की माणूस बैल होतो. डावा बैल अर्थात मी. “मोट खाली गेली. भरली. आता धावेवर उतरा. उतारावर बैल जातात, ओझ्याला अंगाचा भार मिळतो, म्हणून धाव उतरती. चला!” आम्ही चाललो. “मोटकरी नाड्यावर बसतो. त्याचं वजन आणखी. मी बसलो असं समजा.” तेवढं समजायला लावलं हे आबांचे उपकार. “आता मोट वर आली. सोंदुरानं सोंड थारोळ्यात ओढली, पाणी पाटात! आता मागं सरका. उलटं. बैल उलटा चालतो, तोच कष्टाचा भाग.” आम्ही दोघे उलटे चाललो. मुलगा पोट धरून हसत होता आणि आईच्या फोनवर चित्रण करत होता. “अशा बारा मोटा एकाच वेळी,” आबा म्हणाले, “चोवीस बैल! काय दृश्य असेल!” त्यांच्या डोळ्यांत चोवीसच्या चोवीस बैल होते. खरंच होते, चेष्टा नाही. नाडा, सोंदूर, थारोळं, धाव हे शब्द त्यांनी वडिलांच्या विहिरीवर शिकलेले. इंजिन आलं तेव्हा ते शाळेत होते. बाकी सगळं त्यांनी वाचून पाठ केलं असेल, मोट मात्र हाकलेली होती. त्या अर्ध्या तासात त्यांनी मेहुण्याला एकदाही ‘आधी यायला हवं होतं’ असं म्हटलं नाही.

काकू गाडीत बसून होत्या. “काकू, तुम्ही नाही येणार विहीर बघायला?” मेहुण्याच्या बायकोने विचारलं.

“बघितलीय की,” काकू म्हणाल्या, “लग्न झालं त्या वर्षी. तेव्हा मी डावा बैल होते.”

सज्जनगडाचं वेगळं सांगत नाही. परळीचा हा किल्ला, समर्थांची समाधी, पायऱ्या, वारा, सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांना गड सर्वांत आवडतो त्याचं कारण माझ्या मते प्रसादाची पंगत. पानावर गव्हाची खीर येते आणि ती त्या क्षणी तिथे असते. आबाही जेवताना बोलत नाहीत. परतीच्या वाटेवर मोती चौकात कंदी पेढे घेणं होतं. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला, साखर बेताची. पैसे कोण देणार यावरून दुकानासमोर झटापट होते, पाहुणा जिंकतो, आणि आबा पुडा उघडून एक पेढा मोडतात, हुंगतात. “चांगलाय. पण सकाळी गरम असताना घ्यायला पाहिजे होता.”

मेहुणा ठाण्याला परतला. आठवड्याने त्याचा फोन आला. मुलाने शाळेच्या सुट्टीतल्या निबंधात विहिरीवर दोन पानं लिहिली होती आणि बाबांनी बैलाचं काम केल्याचं ठळक अक्षरांत नमूद केलं होतं. पुढच्या वेळी कधी येऊ, असं मेहुण्याने विचारलं. मी आबांना विचारलं. आबांनी कॅलेंडर काढलं, कास, ठोसेघर, दासनवमी, धरणांचा विसर्ग असं सगळं जुळवून पाहिलं आणि म्हणाले, “तशी एकही तारीख नाही. पण येऊ देत.”

तेव्हा साताऱ्याला जरूर या. कासला सप्टेंबरात या, शनिवार-रविवार टाळा, तिकीट आधी काढा. ठोसेघरला भर पावसात जा आणि धुकं हटेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. गडावर प्रसादाच्या वेळेला पोचा. लिंबची विहीर बाराही महिने बघा. फक्त आमच्या आळीत शिरताना हॉर्न वाजवू नका. आबा गॅलरीतच असतात.