नगर, वजन 23 किलो

परदेशातून सुट्टीवर आलेला माणूस पूर्वी पाण्याच्या बाटलीवरून ओळखता यायचा. ती खूण आता गेली, सीलबंद पाणी आपण सगळेच पितो. नवी खूण म्हणजे मुठीत मावणारा डिजिटल काटा. त्याचा पट्टा बॅगेच्या मुठीत अडकवायचा, पाय फाकवून उभं राहायचं, श्वास रोखायचा आणि बॅग उचलायची. आकडे फडफडतात, मग एकावर थिजतात आणि काटा टिंग करतो. त्या टिंगवर घरादाराचा मूड अवलंबून असतो. 23 च्या आत असेल तर सत्यनारायण पावला, 23.4 असेल तर सुतक.

आमचा मित्र तीन आठवड्यांसाठी आला होता. त्यात दाढेचं रूट कॅनॉल झालं (तिकडे म्हणे त्या पैशात जुनी गाडी येते), बँकेचं केवायसी झालं, आधारचा मोबाइल नंबर बदलून झाला, सातबाऱ्याच्या खेपा झाल्या, दोन लग्नं आणि एक मुंज झाली. उरला एक दिवस. विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर. आदल्या रात्री त्याचा फोन आला, "उद्या मोकळा आहे मी. आपलं नगर बघू राव, एकदा नीट. लहानपणापासून राहूनच गेलंय."

आपलं नगर एका दिवसात बघायचं म्हणजे काय, हे त्याला फोनवरच्या नकाशात कळत नव्हतं. त्याच्या यादीत भंडारदरा होतं, कळसूबाई होतं, सिद्धटेकचा गणपती होता, चौंडी होती आणि "वेळ उरला तर" शिर्डी. अहो, 17 हजार चौरस किलोमीटरचा जिल्हा, क्षेत्रफळात राज्यात पहिला, तालुके 14. कळसूबाई वायव्येच्या टोकाला अकोले तालुक्यात, सिद्धटेक पार दक्षिणेला भीमाकाठी. पण अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सगळं बसत होतं. "दोन इंच तर आहे," असं तो खरोखर म्हणाला. शेवटी शिंगणापूर, भुईकोट किल्ला आणि चांदबिबीचा महाल एवढ्यावर तह झाला. दोन्ही बॅगा गाडीतच घ्यायच्या आणि संध्याकाळी परस्पर मुंबई गाठायची, असं ठरलं.

बॅगा गाडीत घेणं ही त्या दिवसाच्या पानिपताची सुरुवात. कारण बॅगांबरोबर काटाही आला.

निघताना काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, "एवढुसं तर आहे" म्हणत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पुढे केला. एवढुसं हे जगातलं सगळ्यात जड माप आहे. डबा आत, टिंग, 23.6. डबा बाहेर. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि काळा मसाला घेऊन आल्या. मसाला आत, एक जीन्स बाहेर, टिंग. ती जीन्स मित्राने अंगातल्या पँटवरून चढवून पाहिली. चाळिशी उलटलेला माणूस दोन पँटी घालून अंगणात पाय झाडत उभा आहे आणि त्याची आई त्याच संधीत बॅगेच्या चोरकप्प्यात कुरडया कोंबते आहे, हे दृश्य मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी देवघरातून काकू सार्थ ज्ञानेश्वरी घेऊन आल्या, कापडात गुंडाळलेली. तिला नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. पोथी आत गेली, चटणीचा डबा माझ्या मांडीवर आला.

शिंगणापूर. घरांना दारं नसण्याबद्दल जगभर नाव कमावलेलं गाव. इथं आल्यावर आमच्या मित्राने काय करावं? बॅगांची आकडी कुलपं तपासली, डिकीचं कुलूप तपासलं, गाडी लॉक केली, दोन पावलं चालून परत येऊन दाराची मूठ ओढून पाहिली आणि मग मला म्हणाला, "तू इथंच थांब." मी थांबलो. तो दर्शन घेऊन आला आणि आल्या आल्या त्याने डिकी उघडली. त्याला रांगेत उभं असताना काकूंचा संशय आला होता. संशय रास्त होता. कुरडया सापडल्या. टिंग, 24.1. आता काय काढायचं? जीन्स अंगावरच होती. कुरडया काढायला तो तयार होईना, मुलांना आवडतात म्हणाला. मग हात गेला कापडात गुंडाळलेल्या पोथीकडे. "पीडीएफ आहे रे माझ्याकडे," तो म्हणाला आणि ज्ञानेश्वरी माझ्या हातात दिली. शिंगणापूर हे नेवासे तालुक्यात येतं. याच तालुक्यात, प्रवरेच्या काठावर, 1290 साली खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तो खांब आम्ही उभे होतो तिथून फार लांब नाही. सातशे वर्षं टिकलेला ग्रंथ नेवासे तालुक्यातल्या एका पार्किंगमध्ये किलोभर भरला, आणि तळलेल्या कुरडया त्याच्यापेक्षा हलक्या ठरल्या. तळलेल्या नव्हत्या, कच्च्याच होत्या. रागाच्या भरात लिहिलं.

तिथून किल्ला. ओळखपत्र दाखवून आत गेलो. भुईकोट आहे, चढण नाही, त्यामुळे दोन पँटी असूनही मित्र खुशीत होता. नेत्यांना कोंडलं होतं त्या खोल्या पाहिल्या. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना पकडून इथं आणलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं लिहिलं, 1944 साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं इथलीच, त्यातलं एक तर चहावर आहे. मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो. मित्राने नेहरूंच्या खोलीकडे पाहिलं, मान हलवली आणि विचारलं, "सुटताना लिहिलेलं सगळं नेऊ दिलं त्यांना?" माझ्या लक्षात आलं की याच्या डोक्यात हजार कागदांचं वजन चालू आहे.

किल्ल्याबाहेर इंग्रज सेनापती वेलस्लीची जागा. 1803 च्या ऑगस्टमध्ये त्याने आधी शहर घेतलं, मग चार दिवसांत किल्ला घेतला, आणि चिंचेच्या झाडाखाली बसून न्याहारी केली असं सांगतात. म्हणजे नगर झटपट उरकून खायला बसायची प्रथा तशी जुनी आहे. आम्हीही मिसळ खायला बसलो.

आता माझं मूळ दुखणं सांगतो, कारण मिसळ खाताना मित्राने ते उकरून काढलं. तो म्हणाला, "नगरमध्ये तसं बघण्यासारखं काही नाही ना पण." हे वाक्य परदेशस्थाचं नाही. हे आमच्याकडून शिकलेलं वाक्य आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेलं शहर, निजामशाहीची राजधानी, आणि आम्ही नगरकर पाहुण्याला काय सांगतो? "शिर्डीला जाऊन या, येताना शिंगणापूर करा." दोन देवस्थानांच्या मध्ये गाडीतून झोपून जायचा टापू म्हणजे नगर. शिर्डीला 2017 पासून विमान उतरतं, देशभरातून माणसं उतरतात, साई करतात, शनी करतात आणि बायपासने सुसाट निघून जातात. बायपासला आमचा विरोध नाही, ट्रक गावात नकोतच. पण आख्खं गावच आम्ही मनातल्या मनात बायपास करून टाकलंय त्याचं काय? मुर्तझा निजामशहाच्या काळात, 1583 मध्ये पुरा झालेला फराहबख्श महाल पाहिलेला नगरकर मला दाखवा. दमडी मशिदीच्या दगडावरचं कोरीवकाम दहा मिनिटं उभं राहून पाहिलेला दाखवा. तिथं शेजारी घर आहे असं सांगणारे भेटतात, आत गेलेला भेटत नाही. एवढा बलाढ्य औरंगजेब, दिल्ली सोडून आयुष्याचा शेवटचा काळ दख्खनेत घालवला, तो 1707 मध्ये इथं भिंगारला संपला. तेवढा एकच पाहुणा नगरला मुक्कामाला राहिला असं म्हणायचं, आणि त्याचंही दफन शेवटी खुलताबादला झालं! आणि आमच्या पोरांना विचारा, गावात काय आहे? नवा मॉल कुठे होणार ते सांगतील, चारही संभाव्य जागांसह. पाहुणा आल्याशिवाय आम्ही किल्ल्यात पाऊल टाकत नाही, आणि पाहुणा येतो तो काटा घेऊन येतो.

असो. मिसळीचे पैसे मी दिले.

महाल शहरापासून पाथर्डी रस्त्याला, डोंगरावर. घाट चढताना मित्र एकदम हळवा झाला. "चांदबिबी इथं बसून लढाई बघायची ना रे?" मी म्हटलं, ती लढली खाली किल्ल्यात, 1595-96 मध्ये, मुघलांशी. हा महाल नव्हेच, ही कबर आहे, मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची. अष्टकोनी, तीन मजली, सोळाव्या शतकातली. आत जिन्याने वर गेलं की कमानीतून असा वारा लागतो की टोपी धरावी लागते, आणि खाली सगळं नगर पसरलेलं दिसतं. मित्राने खाली पाहिलं नाही. तो भिंतीवरून बोट फिरवत होता. मला वाटलं, चला, शेवटी दगडाला हात लागला याचा. चुन्याचा गिलावा, सांधे, कमानीचं वळण असं काहीतरी पाहत असेल. एका कोपऱ्यात तो थबकला आणि ओरडला, "सापडलं! अजून आहे!"

त्याचं नाव होतं. अकरावीच्या सहलीला करकटकाने कोरलेलं. शेजारी बदाम, बदामात बाण, बाणाच्या दुसऱ्या टोकाला एक अक्षर, जे त्याच्या बायकोच्या नावाचं नाही. त्याने मला फोन दिला आणि त्या भिंतीला गाल लावून उभा राहिला. दिवसभरातला त्याचा एकमेव फोटो मी काढला.

इथं माझा विनोद संपतो. सलाबतखानाने मजले चढवले, चारशेहून जास्त पावसाळे त्या दगडाने अंगावर घेतले, आणि आम्ही काय केलं? कंपासपेटी घेऊन वर गेलो. त्या भिंतींवर हाताच्या उंचीपर्यंत जागा शिल्लक नाही. नावं, बॅचची वर्षं, बदाम, मोबाइल नंबर. वरच्या नावांसाठी कुणीतरी कुणाला तरी खांद्यावर घेतलेलं आहे, म्हणजे हा भिकारपणा आम्ही सहकारी तत्त्वावर करतो. सहकार म्हणजे शेवटी आमच्याच जिल्ह्याची देणगी. मास्तर खाली वडापावच्या गाडीपाशी असतात. आणि ज्याने हे केलं तो वीस-पंचवीस वर्षांनी सातासमुद्रापारहून येतो, तिकडच्या संग्रहालयात काचेला बोट लावत नाही, रांग मोडत नाही, आणि इथं आपला ओरखडा शाबूत आहे म्हणून त्याचे डोळे पाणावतात! मी त्याला हे सगळं याच शब्दांत सुनावलं. तो म्हणाला, "अरे, लहान होतो." खाली उतरताना त्याने वाटेतला एक काळा दगड उचलला, "आठवण म्हणून". तळहातावर झेलला, अंदाज घेतला आणि परत टाकून दिला. टिंगचीही गरज पडली नाही.

रणगाड्यांचं संग्रहालय राहिलं. जिथं टनांचा हिशेब चालतो तिथं याला न्यायची मला भीती वाटली. पुणे रस्त्याला हुरडा खाल्ला. हुरडा नेता येत नाही, तर तो पोटात भरून न्यायची युक्ती त्याने काढली. विमानात चढताना माणसाला काट्यावर उभं करत नाहीत, हे त्याने मला तिसऱ्या वाटीनंतर समजावून सांगितलं.

रात्री मुंबईहून फोन आला. आवाज चढलेला. तिथल्या काट्यावर दोन्ही बॅगा 22 च्या आत भरल्या होत्या. याच्या काट्याची बॅटरी उतरलेली असावी, दिवसभर तो किलो-सव्वाकिलो जास्त दाखवत होता. "म्हणजे चटणी बसत होती!" तो म्हणाला. पोथीचं त्याला आठवलं नाही, मीही आठवण करून दिली नाही. आणि मी सकाळीच त्याला दुकानात बॅगा मोजायला न्यायला हवं होतं, असा ठपका ठेवून त्याने फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी भाजी घेताना काकू भेटल्या. "सगळं बसलं ना रे नीट?" मी म्हटलं, सगळं. आता पोथी परत नेऊन दिली तर त्यांना कळणार, म्हणून ती माझ्या कपाटात आहे आणि पुढच्या सुट्टीपर्यंत राहील. चटणीच्या बाबतीत असा पेच नव्हता. ती बुधवारपर्यंत संपली.