धारावीची शैक्षणिक सहल

व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी हल्ली उद्योजकता शिकायला धारावीत जातात. नव्वद फुटी रस्त्यावर वातानुकूलित बस थांबते. गळ्यात ओळखपत्रं, हातात पाण्याच्या बाटल्या. त्या बाटल्या यथावकाश ‘तेरा कंपाउंड’ या इथल्याच भंगारवस्तीत पोचतील आणि तिथे निवडून, दळून त्यांचा दाणा होईल. हे करणारा माणूस ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ चालवतो, हे त्याला पाहुण्यांकडूनच कळतं. तोवर तो बिचारा भंगारचा धंदा करत होता.

कुंभारवाड्यातली सामायिक भट्टी वहीत ‘संसाधनांची भागीदारी’ म्हणून उतरते. दारातल्या टोपलीवर पापड वाळवणाऱ्या बाई ‘विकेंद्रित उत्पादन’ ठरतात. बारा तास उकाड्यात राबणं म्हणजे ‘लवचीकता’. पगारी रजा, विमा आणि शौचालय यांना मात्र तक्त्यात रकाना नसतो.

मग एखादा हुशार विद्यार्थी त्या भंगारवाल्या काकांना विचारतो, “काका, तुमचं पाच वर्षांचं नियोजन काय?”

काका काय सांगणार? गाळा इथेच राहील की नाही, हेच त्यांना ठाऊक नाही. धारावीच्या पुनर्विकासाची योजना सरकारने २००४ मध्ये मंजूर केली. त्यानंतर निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचा कागद नसेल, तर धारावीत मोफत घर नाही. घराची ही गत, तर धंद्याच्या गाळ्याचं काय? सरकारला वीस वर्षांत न जमलेलं नियोजन काकांनी पाच मिनिटांत सांगायचं असतं.

सहलीचे श्रेयांक विद्यार्थ्यांना मिळतात, अहवालाचं श्रेय प्राध्यापकांना. शिकवणाऱ्या काकांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, आणि सगळ्यांच्या चहाचे पैसेही तेच देतात.