आयत्या बिळावरचा प्रोग्राम

लिनक्सवर ‘तयार’ सॉफ्टवेअर मिळतं, ही अफवा धार जिल्ह्यातल्या कुक्षीपर्यंतही पोचली आहे. मोबाइलचा डेटा खर्चून फाइल उतरवायची, चालवायची, झालं! मग पडद्यावर उमटतं: ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ सापडत नाही.

बनवणाऱ्याच्या संगणकावर ओपनएसएसएलची ही लायब्ररी होती, म्हणजे साऱ्या जगाकडे असणारच, असा त्याचा हिशेब. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू लिनक्स २२.०४ ने ओपनएसएसएल ३.० घेतलं आणि १.१ ला भांडारातून निरोप दिला, हे त्याच्या गावीही नाही.

हौशी सल्लागार म्हणतात, नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक द्या. प्रोग्राम मात्र आतल्या आवृत्तीच्या खुणा तपासतो आणि पुन्हा हात वर करतो. जुनं पॅकेजच आणून बसवलं तर गाडी चालते. फक्त ओपनएसएसएल प्रकल्पाकडून १.१ ला मिळणारी सर्वांसाठीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्येच थांबली आहे.

तेव्हा विश्वासातल्या फाइलवर आधी ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवून काय काय गैरहजर आहे ते पाहा. आणि उबुंटूवर शक्यतो ‘एपीटी’ या साधनानेच भांडारातलं पॅकेज घ्या, लागणाऱ्या लायब्ऱ्या ते स्वतःच आणतं. ‘तयार’ या शब्दावर विसंबाल, तर उरलेली तयारी तुम्हालाच करावी लागेल.