प्रलय आणि तात्यापाऱ्याची गच्ची
विज्ञानकथेतील जगबुडी वर्षानुवर्षे न्यूयॉर्क आणि लंडन या दोन शहरांचीच मक्तेदारी होती. जयंत नारळीकरांनी ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईवर बर्फ पाडले, तेव्हा कुठे मराठी वाचकाला आपलेही काही बुडू शकते असा मान मिळाला. ‘डिस्टोपिया’, म्हणजे आदर्श नगरीचे उफराटे रूप, हा शब्द मात्र परग्रहांसाठी जन्मलेला नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत तत्कालीन सरकारच्या आयर्लंडविषयक धोरणावर बोलताना या जातीचे विशेषण राज्यकर्त्यांनाच बहाल केले होते. हे लक्षात घेता, रायपूरच्या तात्यापाऱ्याला (छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला) कथालेखकांनी अद्याप हात लावलेला नाही, याचे आश्चर्यच वाटते. प्रलयपटांत राख शेवटच्या अंकात पडते; येथे उरला-सिलतऱ्याकडील स्पंज आयर्नच्या, म्हणजे खनिजापासून सच्छिद्र लोखंड करणाऱ्या, भट्ट्यांमुळे कुप्रसिद्ध झालेली काळी भुकटी रायपूरच्या गच्च्यांवर पहिल्याच अंकात उतरते, आणि नवतपाच्या, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ तापलेल्या दिवसांच्या, उन्हात उडदाचे पापड वाळत घालणारी गृहिणी त्यांवर जुने धोतर पांघरते. तात्यापारा ते शारदा चौक हा रस्ता रुंद करण्याची योजना तर इतकी वर्षे चर्चेत राहिली, की तिला भविष्यवेधी साहित्यातच धरावे. फरक एवढाच, की नायक उद्ध्वस्त महामार्गावरून सुसाट निघतो आणि येथे तो सायकलरिक्षाच्या मागे हॉर्न वाजवत उभा असतो.