अँटेना आग्नेयेला

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांना आपले पैसे कसे वाचतील याची फार काळजी असते. न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्याने मध्यंतरी केबल तोडली आणि त्या आनंदात आम्हीही तोडावी म्हणून तो दर रविवारी फोन करू लागला. "मामा, दोन-तीन ॲप घ्यायची आणि खिडकीच्या काचेला एक चपटा अँटेना चिकटवायचा. बातम्या, मॅच, सगळं फुकट. चित्र तर केबलपेक्षा चकचकीत!"

तिकडच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. अमेरिकेत १२ जून २००९ला मोठ्या केंद्रांचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं, पण त्याच हवेतून डिजिटल चालू राहिलं. त्यामुळे तिथे अँटेना लावला की त्याच्या हाती काहीतरी लागतं. आपल्याकडे प्रसार भारतीने २०२२पर्यंत मोजके सोडून सगळे जुने प्रक्षेपक बंद केले आणि नवीन काही साताऱ्यापर्यंत पोचलं नाही. साताऱ्याची हवा चांगली म्हणतात ती आता या बाबतीतही खरी आहे. तिच्यात चित्राचा कण नाही.

तरी मी मोती चौकाजवळच्या एका दुकानात जाऊन अँटेना मागितला. काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे आणि मग माझ्या केसांकडे पाहिलं.

"कशाचा? गाडीचा का?"

"टीव्हीचा."

"टीव्हीचा!" त्याने आतल्या अंगाला हाक मारली, "बाबा, बाहेर या. तुमच्या वेळचं गिऱ्हाईक आलंय."

बाबा आले. आम्ही अर्धा तास अँटेनावर बोललो. किती काड्यांचा चांगला, बूस्टर कुठे बसवायचा, ती चपटी तपकिरी वायर उन्हाने कशी तडकायची. चहा झाला. अँटेना मिळाला नाही, पण भाच्याला जे खिडकीत चिकटवून मिळालं नसेल ते मला मिळालं.

साताऱ्याला अँटेना काय ते ठाऊक नाही असं कुणी समजू नये. अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा टॉवर आहे. हा किल्ला १७०० साली घेण्यासाठी औरंगजेबाला चार महिन्यांवर खाली तंबू ठोकून बसावं लागलं होतं. १९८७च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं, तेव्हा त्याच किल्ल्यावरून चित्र खाली उतरवायला आम्हालाही साधारण तेवढाच धीर लागायचा. थोरला भाऊ गच्चीवर पाइप धरून, वडील जिन्यात, आई टीव्हीसमोर.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"आवाज आला, चित्र गेलं!"

"आता?"

"आलं! थांब, थांब, हात काढू नकोस!"

हात काढला की राम जायचा. त्यामुळे भावाने अख्खी अशोकवाटिका ऐकली, पाहिली नाही. तो पाइप अजून गच्चीवर आहे. दिवाळीत त्याला आकाशकंदील लागतो, एरवी कावळे बसतात. कावळ्यांना म्हणे तिथून बरं दिसतं.

मग केबल आली. १९९१च्या आखाती युद्धाने शहरांतून उपग्रह वाहिन्यांची गोडी लावली, २ ऑक्टोबर १९९२ला झी सुरू झाला आणि काल-परवापर्यंत व्हीसीआर भाड्याने देणारी पोरं केबलवाले झाली. आमच्याकडे आलेली तार शेवग्यावरून निघून विजेच्या खांबाला वळसा घालायची, दोन घरांच्या कौलांवर विसावा घ्यायची आणि खिडकीचा एक कोपरा कायमचा उघडा ठेवून आत यायची. त्या कोपऱ्यातून पाली, पाऊस आणि जग अशी तिन्ही एकदम घरात आली.

केबलवाल्याचं मोठेपण माणसं विसरत चालली आहेत, म्हणून नोंदवून ठेवतो. तो फोन उचलायचा नाही, पण भेटायचा. भाजीत भेटायचा, लग्नात भेटायचा, आणि पैसे न्यायला तर भेटायचाच. शेवटच्या षटकात चित्र गेलं की आख्ख्या आळीला शिव्या घालायला एक जिताजागता माणूस होता. दुसऱ्या दिवशी तो यायचा, म्हणायचा, "वरूनच गेलेलं, सर." वर म्हणजे खांबावर की आकाशात की दिल्लीला, हे कुणी विचारलं नाही. वर बोट दाखवणाऱ्याला आपल्याकडे पुढे काही विचारत नाहीत.

पुढे सरकारने डबा सक्तीचा केला. त्याच्याही पुढे, १ फेब्रुवारी २०१९पासून, ज्याने त्याने आपल्या वाहिन्या स्वतः निवडायच्या असा नियम आला. १३० रुपये आणि कर मिळून १५३ रुपये ४० पैशांत शंभर जागा, आणि पैसेवाल्या वाहिन्यांचे दर निराळे. आमच्या घरी लोकशाही आली ती त्या आठवड्यात. आईने यादीवर मराठी मालिकांच्या सगळ्या वाहिन्यांवर कुंकवाने टिकली लावली. मुलाने खेळांवर फुली मारली, ती 'हवं' या अर्थाने होती हे नंतर कळलं. मी बातम्यांच्या अर्ध्या वाहिन्या खोडल्या, घर शांत होईल म्हणून. शेवटी केबलवाल्याने यादी हातात घेतली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "सगळ्यांना तोच पॅक दिलाय, सर." लोकशाही तशी आठवडाभर टिकली.

असा हा इतिहास मागे टाकून आम्ही केबल काढली आणि घरात फायबर घेतलं. कंपनी मोठी, जाहिरात मोठी, फोनवरची बाई अदबीची. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन तार ओढायला जो माणूस आला, तो आमचा केबलवालाच. कंपनीचं इथलं काम त्याच्याकडेच होतं. त्याने जुनी तार ओढून काढली आणि नवी त्याच शेवग्यावरून, त्याच खांबावरून, त्याच कौलांवरून, खिडकीच्या त्याच कोपऱ्यातून आत आणली. "तोडलीत ते बरं केलंत," तो म्हणाला, "केबलमध्ये आता राम नाही." मला थोरल्या भावाचा हात आठवला.

आता तक्रार करायची तर कुणाकडे? त्याच्याकडे फक्त तार. चित्र ॲपकडे, ॲप क्लाउडमध्ये, म्हणजे पुन्हा वरच. उरलो मी. आईचा टीव्ही अडला की ती मला हाक मारते, आणि मीही फोन उचलत नाही, पण घरातच असल्यामुळे सापडतो.

टीव्ही लावल्याबरोबर तो विचारतो, कोण बघतंय? खाली गोल गोल चेहरे. आईच्या वाट्याला एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं अस्वल आलं. तिला तिथे गणपती हवा होता, तो त्यांच्याकडे नव्हता. "मी अस्वल नाही," असं म्हणून ती माझ्या चेहऱ्यावर बटण दाबते आणि माझ्या नावावर सासवा-सुनांची कारस्थानं बघते. परिणामी मी काय बघावं याबद्दल यंत्राची काही मतं झाली आहेत आणि पाहुण्यांसमोर टीव्ही लावायची मला चोरी झाली आहे. रिमोटमध्ये बोलायचीही सोय आहे. आई त्याला अहोजाहो करते. "अहो, जरा ती सातची लावता का?" त्याने 'सात' तेवढा उचलला आणि त्या आकड्याचे इंग्रजी खुनांचे सिनेमे ओळीने मांडले.

केबलवर शेजारी शेजारी नांदणाऱ्या वाहिन्या आता वेगळ्या राहतात. झी मराठी एका ॲपमध्ये, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दुसऱ्यात, सोनी मराठी तिसऱ्यात. आयपीएल तर भाडेकरूसारखं हिंडलं. आधी हॉटस्टारवर, २०२३ला जिओसिनेमावर फुकट, आणि नंतर त्या दोघांचंच जमलं. १४ फेब्रुवारी २०२५ला, म्हणजे व्हॅलेंटाइनचा मुहूर्त धरून, ते एक झाले. लग्नानंतर फुकटचं जेवण बंद होतं, तसं झालंच. नेटफ्लिक्सने जुलै २०२३मध्येच सांगून टाकलं होतं, की एका घरात राहतात तेच कुटुंब, पासवर्ड घराबाहेर चालणार नाही. सातारा, सांगली आणि पुणे असं पसरलेलं आमचं कुटुंब तलाठ्याच्या कागदावर अजून एकत्र आहे. तिथे नाही जमलं ते इथे झालं. वाटणी झाली. पासवर्ड पुण्याला, मुलाकडे गेला. ओटीपीही त्याच्याच फोनवर येतो आणि तो नेमका मीटिंगमध्ये असतो.

एक गोष्ट मात्र आईने कुणी न शिकवता हेरली. जादा पैसे भरले की मालिकेचा भाग टीव्हीच्या आधी ॲपवर बघता येतो. ती तो दुपारी बघते आणि चार वाजता सांगलीला माझ्या सासूबाईंना फोन लावते. "काही सांगत नाही हं, पण आज जरा मन घट्ट करून बसा." दोन विहिणींचे संबंध इतकी वर्षं चांगले होते.

सासूबाईंकडे ॲप नाही. त्यांच्या गावभागातल्या घरावर मेहुण्याने फ्री डिश बसवली आहे. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. डिश आणि डबा एकदा विकत घ्यायचा, मग महिन्याला एक पैसा नाही. भाच्याच्या अँटेनाच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडे असं हेच. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे सांगलीतून डिश आग्नेयेला वळवावी लागते. सासूबाईंनी आधी वास्तूत बसतं का ते पाहिलं. आग्नेय ही अग्नीची दिशा, तिकडे चूल असावी. "चालेल," त्या म्हणाल्या, "याच्यावरही शिजतंच काहीतरी."

मेहुण्याचा डोळा क्रिकेटवर होता. २००७च्या कायद्याप्रमाणे भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ला ठरवलं, की ते दूरदर्शनने आपल्या प्रक्षेपकांवर आणि आपल्या डिशवरच दाखवायचं, केबलवाल्यांना द्यायचं नाही. म्हणजे पैसे भरून घेतलेल्या केबलवरच्या दूरदर्शनवर मॅच नाही, आणि फुकट डिशवरच्या दूरदर्शनवर आहे! मेहुणा हे प्रत्येक सामन्याला शेजाऱ्यांना नव्याने समजावून सांगतो. पाऊस मात्र जोराचा नको. ढग दाटून आले की डिशचं चित्र चौकोनी चौकोनी होतं आणि फलंदाज विटांचा दिसायला लागतो.

एवढं असून सासूबाईंनी केबल तोडलेली नाही. दोन्ही चालू. "जावईबापू, तुमच्या त्या ॲपमध्ये आयर्विन पूल दिसतो का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा माझी बोलती बंद झाली. १९२९चा हा पूल सांगलीत पूल कमी आणि मोजपट्टी जास्त आहे. कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ला धोका. २००५, २०१९ आणि २०२१ बघितलेल्या गावभागाला कोरियातली प्रेमप्रकरणं नंतर बघता येतात, आधी फूट बघावे लागतात. पाणी घरात शिरायच्या वेळेला वीजच जाते हे खरं, पण सामान माळ्यावर चढवायचं की नाही हे त्याच्या आधी ठरवायचं असतं, आणि ते गावातल्या केबलच्या वाहिनीवर, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हरवलेल्या पोपटाच्या मधल्या पट्टीत, सरकत येतं. जगातल्या कुठल्याही कंपनीकडे हा कार्यक्रम नाही.

याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२मध्ये तोडायची ती सगळी भानगडच तोडली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही, मोबाइल बंद होतात. पोरं अभ्यासाला, बाकीचे एकमेकांशी बोलायला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. कोरोनात मुलांना मोबाइलची चटक लागली होती, ती सोडवायला ग्रामपंचायतीने हे काढलं, आणि सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडीच्या बायका घरोघर जाऊन बघतही होत्या.

ही बातमी बायकोने जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. वाचताना ती माझ्याकडे बघत होती, मी मुलाकडे, आणि सुट्टीला आलेला मुलगा मोबाइलकडे. "आपल्याकडेही असा एक भोंगा बसवू या," ती म्हणाली. मी म्हटलं, आईला विचारू. सातची मालिका म्हणजे तिचा जीव की प्राण.

आईने ताटातली चटणी नीट एका कडेला सारली आणि विचारलं, "साडेआठला परत लागतं ना?"

"लागतं."

"मग बसव की. माझी साडेआठची सापडते. सातची काय, ती मी दुपारीच बघून ठेवते. वाजू दे भोंगा, तेवढ्यात सांगलीला फोन होईल."

"आई, मोबाइलही बंद ठेवायचे असतात त्यात."

"मग नको," आई म्हणाली. "लहान मुलांना असले जाच करू नयेत."