पिंपळावरचं स्थळ

भूत हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे, हे मला कादंबरीच्या बाविसाव्या पानावर कळलं. प्रसंग असा होता : भिवपुरी रोड स्टेशन, आषाढातली रात्र, शेवटची कर्जत लोकल निघून गेलेली, नायिका वाऱ्याने उलटी झालेली छत्री सरळ करत फलाटावर उभी. मी लिहिलं, ‘भूत तिच्याजवळ आलं. त्यानं हळूच तिचा हात धरला. ते लाजलं.’ लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. ‘ते लाजलं’ म्हणताच डोळ्यांपुढे नायक उभा राहीना, शेजाऱ्यांचं मांजर उभं राहिलं.

भुताची लांबलचक, विनोदी प्रेमकहाणी मराठीत लिहावी ही अवदसा मला निवृत्तीनंतर आठवली. भिवपुरीला दोन खोल्यांचं घर, मागे डोंगर, पावसाळ्यात त्यावरून उतरणारे धबधबे आणि रविवारी त्या धबधब्यांखाली मुंबईहून आलेली निम्मी लोकल. उरलेले सहा दिवस एवढी शांतता की भुतालाही करमू नये. म्हटलं, वातावरण तयारच आहे, नुसतं लिहायचं बाकी. स्वयंपाकघर तयार आहे म्हणून पुरणपोळी येत नाही, हे विसरले.

‘भूत’ हा शब्द बाद झाल्यावर मी भुतांच्या जाती धुंडाळू लागले. आपल्याकडे या बाबतीत वधूवर सूचक मंडळाहून कडक वर्गवारी आहे. मुंज्याची मुंज झालेली, सोडमुंज राहिलेली. पिंपळावर स्वतंत्र जागा, लग्नाची हौस दांडगी. 2024 च्या ‘मुंज्या’ या हिंदी सिनेमाने त्याची कीर्ती देशभर नेली. पण बिचारं आठ-दहा वर्षांचं पोर. त्याला बोहल्यावर चढवायचं तर बालविवाहबंदीचा कायदा आडवा येतो. समंध धनाच्या हंड्यावर बसलेला, म्हणजे आर्थिक बाजू भक्कम. पण जो मेल्यावरही हंडा सोडत नाही तो बायकोला बांगड्या काय करणार? वेताळ भुतांचा राजा, ते घराणं आपल्याला झेपणारं नाही. गिऱ्हा पाण्यातला. गुडघाभरच पाणी आहे असं भासवत माणसाला डोहात नेतो. असे नायक भुतं नसलेल्या कादंबऱ्यांतही पुष्कळ असतात.

शेवटी नायक घरीच बनवला. वय सत्तावीस, धोतर, वर कोट, डोक्यावर टोपी. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्राच्या बांधकामावरचा ओव्हरसियर, 1921 च्या पावसाळ्यात हिवतापाने गेलेला. केंद्र खरं आहे, टाटांचं, 1922 सालचं. आंध्रा नदी मूळची पूर्वेकडे जाणारी. इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला पोचायचं हा तिचा जन्मजात कार्यक्रम. ठोकळवाडीला धरण घालून तिचं पाणी घाटाच्या कड्यावरून खाली आणलं, वीज करून मुंबईला पाठवली आणि पाणी पेज नदीत सोडलं. तिथून ते उल्हास नदीतून वसईच्या खाडीला जातं. हडळीची पावलं उलटी असतात म्हणतात. आमच्याकडे अख्खी नदीच उलट्या पावलांची आहे. असं गाव हातात असताना गोष्ट जमू नये, हे फक्त माझ्याच कर्तबगारीने शक्य झालं.

नायकाची राहून गेलेली इच्छा पेटलेला विजेचा दिवा बघण्याची ठेवली. छान, हळवी, स्थानिक. मग लक्षात आलं की केंद्र 1922 लाच सुरू झालं, म्हणजे स्वारी शंभर वर्षांपूर्वीच मुक्त आणि कादंबरी पहिल्याच पानावर समाप्त. म्हणून त्याला शिवेत बांधून घातला. वीज गेली मुंबईला, हा राहिला पिंपळावर. पण शिवेत बांधलेल्या नायकाची नायिका नोकरीला जाते फोर्टात. ती सकाळच्या लोकलने जाणार आणि रात्री येणार. मधले बारा-तेरा तास नायकाने काय करायचं? भयकथेत हा प्रश्न येत नाही. तिथे भूत शेवटच्या परिच्छेदात येतं, हाडं गोठवतं आणि सुटतं. रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचून आपण रात्री पाणी प्यायला उठत नाही, पण ते भूत दुपारी जेवतं काय, असंही विचारत नाही. कादंबरीत मात्र भुताचं वेळापत्रक लागतं. नारायण धारपांनी भयाच्या कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यात भीतीने घर धरून ठेवलेलं असायचं. माझं भूत विनोदी. चाळिसाव्या पानानंतर त्याला कोणी भीत नाही. आणि ज्याला कोणी भीत नाही ते भूत म्हणजे घरात बसून असलेला जावई.

त्यात संबोधनाचा घोळ. तिने त्याला ‘अरे’ म्हणावं की ‘अहो’? वय बघितलं तर तो सत्तावीस, ती एकतीस. जन्मसाल बघितलं तर हा तिच्या पणजोबांचा वर्गमित्र. ‘अहो’ म्हटलं की लग्न झाल्यासारखं वाटतं, ‘अरे’ म्हटलं की तो दुखावतो, कारण 1921 सालच्या माणसाला परक्या बाईने एकेरीत हाक मारलेली कशी खपेल? तीस पानं मी तिला हाकच मारू दिली नाही.

सिनेमावाल्यांना हे सोपं गेलं. ‘एक डाव भुताचा’मध्ये (1982) अशोक सराफ भूत झाले, 2004 साली ‘पछाडलेला’ आला, लोक पोट धरून हसले. तिथे कामाची वाटणी स्वच्छ : घोळ भुताने घालायचा, प्रेम जिवंत माणसांनी करायचं. दोन्ही खाती एकाच पात्राकडे दिली की शेवट अडतो. आपल्या शास्त्राप्रमाणे इच्छा पुरी झाली की भूत सुटतं. इच्छाच प्रेमाची असेल तर? तिने होकार दिला रे दिला की गडी मुक्त, नायिका फलाटावर एकटी. मुक्ती दिली तर विनोदी कादंबरी रडवून संपते, न दिली तर नायकावर अन्याय. विजयदान देथांच्या ‘दुविधा’ कथेतलं भूत नवऱ्याचं रूप घेऊन नवरीवर जीव लावतं, आणि शेवटी एक मेंढपाळ त्याला युक्तीने कोंडतो. त्याच कथेवरून अमोल पालेकरांनी 2005 मध्ये ‘पहेली’ केला, तेव्हा भुताला नवऱ्याच्याच देहात कायमचं बिऱ्हाड देऊन टाकलं. मलाही मोह झाला. पण माझ्या नायिकेला नवरा नाही, आणि केवळ भुताच्या सोयीसाठी एक नवरा आणायचा म्हणजे आणखी शंभर पानं.

अशी अडून बसले असताना शेजारच्या आजी शेवळं घेऊन आल्या. मृगाचा पाऊस नुकताच पडलेला, कुठेशी तारेवर फांदी पडून वीज गेलेली. वीजकेंद्राच्या गावात मेणबत्ती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आजी खाली फतकल मारून बसल्या आणि एकेक शेवळं सोलू लागल्या. वरचं पान काढायचं, आतला खाजरा पिवळा भाग नखाने खुडून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं. मी बोलायला कोणी नाही म्हणून सगळं कथानक त्यांना सांगितलं.

“मग त्याला जायाला देता कशाला?” आजी म्हणाल्या. “काहीतरी देणं ठेवा की त्याच्या डोक्यावर.”

“देणं?”

“आमचा म्हातारा जाऊन बारा वर्सं झाली. वाण्याची चाळीस रुपये उधारी हाय त्याच्या नावावर. मी फेडली नाय. उधारी फिटली की मोकळाच झाला ना तो.”

“आणि येतात ते?”

“अवसेला कडी वाजते. वारा असंल.” त्यांनी पिवळा तुकडा केराच्या बाजूला टाकला. “काकडं घाला हो भाजीत, नायतर घसा खाजंल.”

मी विचारलं, “वाणी मागत नाही पैसे?”

“मागतो की. मी सांगते, ज्यानं खाल्लं त्याच्याकडून घे.”